यंत्रातून दिसते ते प्रत्यक्ष की अनुमान?

ज्ञान कोणत्या मार्गाने होते आणि ते खरे कशावरून मानायचे, याची चिकित्सा भारतीय दर्शनांत प्रमाणविचारात येते. न्यायदर्शनाप्रमाणे इंद्रिय आणि वस्तू यांच्या संनिकर्षातून उपजणारे यथार्थ ज्ञान म्हणजे प्रत्यक्ष. डोंगरावरचा धूर पाहून तेथे अग्नी आहे असे जाणणे म्हणजे अनुमान. डोळा आणि वस्तू यांच्यामध्ये यंत्र आले, की ही वाटणी अवघड होते. लेझरच्या साहाय्याने मिळणाऱ्या क्ष-किरणांच्या बाबतीत ती विशेष अवघड आहे.

संशोधनाला लागणारे प्रखर क्ष-किरण प्रामुख्याने सिंक्रोट्रॉनमधून, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन वलयात फिरवणाऱ्या यंत्रातून, मिळतात. फ्रान्समधील ग्रनोबल येथील अशा यंत्राच्या वलयाचा परीघ ८४४ मीटर आहे. एवढ्या मोठ्या वलयाऐवजी लेझरच्या स्पंदाने प्लाझ्मात लाट उठवून तिच्या जोरावर इलेक्ट्रॉनांना वेग देण्याची कल्पना तोशिकी ताजिमा आणि जॉन डॉसन यांनी १९७९ मध्ये मांडली. १९८५ मध्ये जेरार्ड मूरू आणि डोना स्ट्रिकलंड यांनी अतिलघू स्पंद प्रखर करण्याची रीत शोधली आणि ती कल्पना आवाक्यात आली. वायूच्या झोतावर स्पंद पडला की वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात, म्हणजेच वायूचा प्लाझ्मा होतो. स्पंद इलेक्ट्रॉनांना बाजूला ढकलतो, मागे धनभारित पोकळी राहते. तिच्यात सापडलेले काही इलेक्ट्रॉन अवघ्या काही मिलिमीटरांत प्रचंड वेग घेतात आणि पुढे जाताना डावी-उजवीकडे हेलकावतात. त्या हेलकाव्यांतून क्ष-किरण बाहेर पडतात. त्यांचा उगमबिंदू मायक्रोमीटरच्या घरातला असतो आणि झोत जेमतेम काही डझन फेम्टोसेकंद, म्हणजे सेकंदाचा अतिसूक्ष्म अंशच, टिकतो.

ब्रिटनमधील जेमिनाय लेझरवर याच रीतीने मानवी हाडाच्या आतील जाळीची त्रिमितीय प्रतिमा घेण्यात आली. ते संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. अशी प्रतिमा एका झटक्यात मिळत नाही. नमुना थोडा थोडा फिरवून अनेक छायाचित्रे घेतात आणि गणिताने त्यांची सांधणी करतात. मऊ ऊतींत किरण फारसे शोषले जात नाहीत, तेव्हा त्यांच्या कलेतील, म्हणजे लहरीच्या टप्प्यातील, फरकावर भिस्त ठेवावी लागते. किरण टिपणारा शोधक (डिटेक्टर) मात्र केवळ तीव्रता नोंदवतो. कला हिशेबाने काढावी लागते.

अशा हिशेबाने मिळालेल्या प्रतिमेवर किती विश्वास ठेवायचा? विज्ञानाचे तत्त्वज्ञ बास व्हॅन फ्रासेन यांच्या मते विज्ञानाच्या सिद्धान्तांवर विश्वास ठेवायचा तो नुसत्या इंद्रियांना दिसू शकेल तेवढ्यापुरताच. गुरूचे चंद्र त्यांच्या लेखी दृश्य ठरतात, कारण जवळ गेलेल्या माणसाला ते दिसतील. फेम्टोसेकंदात घडणाऱ्या बदलाजवळ मात्र कोणालाच जाता येत नाही. तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांचे उत्तर वेगळे आहे: भिन्न भौतिक प्रक्रियांवर चालणारी यंत्रे एकच रचना दाखवत असतील, तर ती यंत्राची करामत मानणे अयोग्य.

न्यायाची भूमिका हॅकिंगच्या जवळची आहे. मीमांसादर्शनाचे अनुयायी ज्ञानाचे प्रामाण्य स्वतः मानतात, नैयायिक परतः. म्हणजे ज्ञान खरे ठरते ते इतर साधनांनी आणि त्यावर बेतलेली कृती सफल झाल्याने. हाडाची तीच जाळी सिंक्रोट्रॉनमध्ये दिसते आणि काप काढून सूक्ष्मदर्शकाखालीही तपासता येते. लेझरच्या क्ष-किरणांनी घेतलेली प्रतिमा हिशेबाने सांधलेली असते, म्हणून ती अनुमानच ठरते; पण असा पडताळा असल्याने तिचे मोल अनुमान म्हणून कमी होत नाही. पडताळा टाळला तरच ते कमी होते.