शिवार कोणासाठी राखायचे?

‘आमच्या गावाच्या हिरव्या पट्ट्यात नवीन वसाहती नकोत,’ असे म्हणणारा ग्रामस्थ न्यायाची मागणी करीत असतो, की केवळ स्वतःची सोय राखीत असतो? वरवर पाहता हा प्रश्न नगररचनेचा आहे. आरक्षणे, चटई क्षेत्र, विकास आराखडा, हरकती आणि सूचना या शब्दांतच तो बहुधा मांडला जातो. परंतु त्याच्या मुळाशी एक नैतिक पेच आहे. ज्याला घर आहे तो, ज्याला घर नाही त्याला, ‘येथे नको’ असे सांगत असतो. असे सांगण्याचा अधिकार त्याला कोठून प्राप्त होतो आणि त्या अधिकाराबरोबर कोणते कर्तव्य येते, याचा विचार वसईसारख्या भागात राहणाऱ्या आपण सर्वांनी शांत चित्ताने करावयास हवा.

वस्तीभोवती मोकळी जमीन राखण्याची कल्पना फार पुरातन आहे. जुन्या करारातील गणना या पुस्तकाच्या पस्तिसाव्या अध्यायात लेवी वंशाला द्यावयाच्या नगरांची व्यवस्था सांगितली आहे. नगराच्या तटाबाहेर चहूकडे गुराढोरांसाठी शिवार सोडावे, असा तेथे दंडक आहे आणि त्या शिवाराचे मोजमापही हातांत दिलेले आहे. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात हे शिवार विकण्यास मनाई केली आहे. मात्र ही आज्ञा वाचताना एक गोष्ट आपल्या नजरेतून सहसा निसटते. इतर वंशांप्रमाणे लेव्यांना वतनी जमिनीचा वाटा नव्हता. ज्यांना वतन नाही त्यांना राहावयास नगरे द्या आणि त्या नगरांभोवती शिवार राखा, असे एकाच आज्ञेत सांगितले आहे. निवारा आणि शिवार यांची तेथे फारकत केलेली नाही.

आधुनिक काळात हाच विचार इंग्लंडमध्ये पुन्हा मांडला गेला. एबेनेझर हॉवर्ड या विचारवंताने १८९८ साली उद्याननगरांची योजना लोकांपुढे ठेवली. नगराभोवती शेतीचा कायमचा पट्टा असावा आणि नगराची लोकसंख्या सुमारे ३२ हजारांवर पोहोचली की तो पट्टा न मोडता त्याच्या पलीकडे दुसरे नगर वसवावे, असे त्याचे म्हणणे होते. पुढे १९३८ साली लंडनच्या हरित पट्ट्यासाठी कायदा झाला. १९४६ साली नवनगरांचा कायदा आला आणि त्याच वर्षी स्टीव्हनेज या पहिल्या नवनगराची घोषणा झाली. १९५५ नंतर इतर शहरांभोवतीही असे पट्टे आखण्यास उत्तेजन मिळाले. आज इंग्लंडच्या एकूण भूमीपैकी सुमारे साडेबारा टक्के भूमी या संरक्षणाखाली आहे.

परंतु १९७० नंतर नवनगरे वसवण्याचे काम थंडावले आणि पट्टा मात्र तसाच राहिला. ‘येथे नको’ हे शिल्लक उरले, ‘तेथे बांधू’ हे विस्मरणात गेले. घरे महागण्यास इतरही कारणे होती, तरी जमिनीच्या टंचाईचा त्यात मोठा वाटा आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. नोकरी करणाऱ्या तरुण जोडप्यांना स्वतःचे घर घेणे अशक्यप्राय झाले. जेथे जेथे नवी वस्ती प्रस्तावित झाली, तेथे तेथे जुने रहिवासी विरोधाला उभे राहिले आणि ‘माझ्या परसात नको’ हे वाक्य त्यांच्या नावाने कुचेष्टेचे झाले. अखेरीस डिसेंबर २०२४ मध्ये तेथील शासनाने नियोजनाचे धोरण बदलून, हरित पट्ट्याचा हेतू फारसा साध्य न करणाऱ्या जमिनींना ‘ग्रे बेल्ट’ असे नाव दिले आणि त्यांवर घरबांधणीची वाट मोकळी केली. ज्या नकाराला पर्यायाची जोड नसते, तो फार काळ टिकत नाही, हे या इतिहासावरून दिसते.

हा धडा वसईला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. लंडनभोवतीच्या पट्ट्याचा मुख्य हेतू शहराचा फैलाव रोखणे हा आहे. वसईचा हिरवा पट्टा मुळात माणसांच्या पोटाचा आणि पाण्याचा आधार आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वैतरणेची आणि दक्षिणेला वसईची खाडी, पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, अशा चौकटीत हा प्रदेश वसला आहे. केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला पिकवणाऱ्या येथील वाड्या विहिरींच्या आणि बावखलांच्या गोड्या पाण्यावर जगल्या. किनारपट्टीच्या जमिनीखाली हे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. भूजलशास्त्राचा एक ढोबळ नियम असा की, गोड्या पाण्याची पातळी एक हात खाली गेली, तर खालचे खारे पाणी सुमारे चाळीस हात वर सरकू शकते. नव्या इमारतींना नळ नव्हते, त्या काळात याच पट्ट्यातील विहिरी टँकरसाठी उपसल्या गेल्या आणि अनेक विहिरींचे पाणी मचूळ झाले. एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोडी होण्यास कित्येक पावसाळे जावे लागतात.

म्हणूनच १९८० च्या दशकाच्या अखेरीस येथील शेतजमिनी मोठ्या प्रमाणावर बांधकामाला खुल्या होऊ लागल्या, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या हाकेला लोकांनी प्रतिसाद दिला. २०२४ साली दिवंगत झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो या लढ्याच्या अग्रभागी होते. दहशतीच्या त्या दिवसांत धर्मभेद बाजूला ठेवून सामान्य शेतकरी रस्त्यावर आला. त्याचा विरोध न्याय्य होता, हे पुढील घटनांनी दाखवून दिले. डोंगरावरून खाडीकडे जाणारे पावसाचे पाणी ज्या सखल शेतांतून आणि मिठागरांतून पसरत असे, तेथे मातीचे भराव पडत गेले. जुलै २०१८ मध्ये अतिवृष्टीत वसई-विरारच्या वस्त्या अनेक दिवस पाण्याखाली राहिल्या आणि रेल्वे ठप्प झाली. त्या पुराचा फटका गावकऱ्याला बसला, तसाच नव्या सदनिकेत कर्ज काढून राहावयास आलेल्या नोकरदारालाही बसला. शिवार राखणे हे नवागताच्याही हिताचे होते.

येथपर्यंत आपल्यापैकी बहुतेकांचे एकमत होईल. पुढचा भाग अधिक अवघड आहे.

१९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतील हजारो कामगार कुटुंबांचा संसार विस्कटला. चाळीतील खोली विकून वा सोडून अनेक जण नालासोपारा, विरारकडे आले. आजही ज्याला मुंबईत दहा बाय दहाची खोली परवडत नाही, तो विरार लोकलच्या गर्दीत दररोज कित्येक तास उभा राहतो. कारण येथेच कोठेतरी त्याला डोक्यावर छप्पर मिळते. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. आपल्या धर्मग्रामांतही गोवा, मंगळूर आणि केरळ येथून आलेली कुटुंबे आज आपल्या शेजारी बसून मिस्साबलिदानात सहभागी होतात. या माणसांनी घर मागितले, यात त्यांचा अपराध कोणता?

घराची गरज आपल्या नकाराने नाहीशी होत नाही. पावसाच्या पाण्याप्रमाणे ती सखल जागा शोधते. जेथे विरोध करणारा कोणी नाही आणि कायद्याचा धाक नाही, तेथे ती जाऊन साचते. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या २०२४-२५ मध्ये पाडण्यात आल्या आणि दोन हजारांहून अधिक कुटुंबे उघड्यावर आली. आयुष्याची पुंजी ज्यांनी त्या घरांत ओतली, त्यांनी ती गमावली. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार येथे एका अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. या अनर्थाला बांधणारे आणि डोळेझाक करणारे जबाबदार आहेत, यात शंका नाही. तथापि सुरक्षित आणि परवडणारी घरे योग्य जागी बांधावीत यासाठी आपण कधी मोर्चा काढला का, हा प्रश्नही आपण स्वतःला विचारला पाहिजे.

या संदर्भात नाबोथाची कथा आपल्याकडे अनेकदा सांगितली जाते. वाडवडिलांचे वतन असलेला द्राक्षमळा त्याने अहाब राजाला देण्याचे नाकारले आणि त्यासाठी त्याला प्राण गमवावे लागले. वसईच्या शेतकऱ्याला ही कथा आपली वाटावी हे स्वाभाविक आहे. परंतु नाबोथाने नकार दिला तो राजवाड्यात राहणाऱ्याला. दाराशी आलेल्या बेघराला त्याने परत पाठवले, असे तेथे लिहिलेले नाही. आपला नकार नेमका कोणाला आहे, हे आपण तपासले पाहिजे. भूखंडामागून भूखंड गिळणाऱ्या धनवंताला तो असेल, तर नाबोथाचे नाव घेण्याचा आपल्याला अधिकार आहे. जो आपली भाषा बोलत नाही, आपल्या आळीतला नाही, ज्याच्या येण्याने आपल्या बंगल्याचा वारा अडतो, त्याला जर तो असेल, तर त्या नकाराला हिरवा रंग देऊन तो पवित्र होत नाही.

कसोटी लावण्यासारखी आणखी एक बाब आहे. जो नियम मी शेजाऱ्याच्या जमिनीला लावू इच्छितो, तो माझ्या जमिनीला लागू आहे का? सकाळी हरित पट्ट्याच्या सभेला जाणे आणि संध्याकाळी स्वतःच्या वाडीच्या विक्रीचा करार करणे, हे एकाच माणसाला शोभत नाही. वाडीतली झाडे तोडून प्रशस्त बंगला बांधणारा, शेजारच्या चार मजली इमारतीला पर्यावरणाच्या नावाने विरोध करतो तेव्हा त्याच्या शब्दाला वजन उरत नाही. एका कुटुंबाच्या त्या बंगल्याने जितकी भूमी व्यापली, तितक्या भूमीवर कदाचित दहा कुटुंबे राहू शकली असती.

मात्र विकणाऱ्या शेतकऱ्यालाही सरसकट दोषी धरता येणार नाही. त्याचा मुलगा शेतीत येत नाही, मजूर मिळत नाही, घरात दुखणे येते, विहीर मचूळ होते. शिवार हिरवे राहावे असे सर्वांना वाटते. पण ते हिरवे ठेवण्याची किंमत तो एकटाच मोजतो. उरलेले आपण त्याच्या वाडीवरून येणारी थंड हवा फुकट घेतो. जे गावासाठी आवश्यक आहे, त्याचा भार गावाने वाटून घेतला पाहिजे. त्याची भाजी आणि फुले रास्त भावाने घेणे, त्याच्या विहिरीचा उपसा थांबवणे, जमीन शेतीखाली ठेवणाऱ्याला शासनाकडून मोबदला वा सवलत मिळवून देण्यासाठी झगडणे, ही हरित पट्ट्याच्या प्रत्येक पुरस्कर्त्याची जबाबदारी आहे.

शिवाय, आपल्या शिवाराची सीमा तालुक्याच्या वेशीवर संपत नाही. सूर्या प्रकल्पाचे पाणी मुळात डहाणू-पालघर भागातील, बहुतांशी आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी योजलेले होते. त्यातील मोठा वाटा आज वसई-विरारच्या नळांना येतो. त्या शेतकऱ्यांनीही ‘आमचे पाणी नेऊ नका’ असे म्हटले होते. आपल्या विहिरीसाठी न्याय मागणाऱ्याने त्यांची हरकत हलकी मानता कामा नये.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक लिहिले, तेव्हा सृष्टीच्या रक्षणाबरोबरच घरांच्या टंचाईचाही त्यात गंभीरपणे विचार केला. पुढच्या पिढ्यांचे ऋण आणि आजच्या गरिबाचा निवारा हे दोन्ही विषय त्यांनी एकाच परिपत्रकात घेतले. आपल्यापुढील पेचाचा उलगडाही या दोहोंना एकत्र धरूनच होईल. उद्या जन्माला येणारे मूल आपल्याशी भांडावयास येऊ शकत नाही, म्हणून त्याच्यासाठी पाणी आणि माती राखणे हे आपले कर्तव्य ठरते. आणि आज भाड्याच्या खोलीतून दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवणारा संसारी माणूस आपल्या दाराशी उभा आहे, म्हणून त्याला उत्तर देणेही आपल्याला टाळता येत नाही.

उत्तर देण्यासारख्या जागा नाहीत, असे नव्हे. रेल्वे स्थानकांलगतच्या मोडकळीस आलेल्या जुन्या इमारतींच्या जागी अधिक कुटुंबांना सामावणाऱ्या भक्कम इमारती होऊ शकतात. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली होती. गुंतवणूक म्हणून कुलूप लावून ठेवलेली सदनिका भाड्याने देणे, हे आपल्यातील काहींच्या हातात आजही आहे. एखाद्या धर्मग्रामाच्या मालकीची, वस्तीतली, वापरात नसलेली जागा असेल, तर तिचा विचार करण्यापासून आम्हा धर्मगुरूंनाही सुटका नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये प्रारूप विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना नोंदवण्याचा अधिकार नागरिकांना आहे. आपल्या गावांनी या अधिकाराचा उपयोग हजारोंच्या संख्येने केलेला आहे आणि पुढेही तो अवश्य करावा. त्या अर्जात बहुधा एकच परिच्छेद असतो: या जमिनीवर बांधकाम का नको. पुढच्या खेपेस अर्ज लिहिताना त्याखाली दुसरा परिच्छेद असावा. ज्यांना घरे हवीत त्यांच्यासाठी ती कोठे बांधावीत आणि त्यासाठी आमचे गाव स्वतः काय सोसावयास तयार आहे, हे त्यात लिहावे. तो परिच्छेद लिहावयास बसल्यावर घराघरांत वाद होतील, काही जण सही करण्यास नकारही देतील. तरीही तो लिहिला गेला पाहिजे, कारण ज्यांच्यासाठी तो लिहावयाचा आहे ते आपल्या सभेला हजर नसतात.