उजवा पडेपर्यंत

जुलैत टॅरोची पानं पिसता येत नाहीत. रत्नागिरीच्या हवेत ती फुगतात, कडा वळतात आणि एक ओढावं तर दोन हातात येतात. भाचीने पुण्याहून दिवाळीत हा कॅट आणला तेव्हा हे सांगितलं नव्हतं. पुण्यात हा प्रश्न पडत नसावा. मिठात तांदळाचे चार दाणे टाकतात त्या न्यायाने मी ती पानं तांदूळ घातलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवते. आई त्याला ‘तुझा भविष्याचा डबा’ म्हणते.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तिच्या मानेवरच्या गाठीचा तुकडा तपासायला कोल्हापूरला गेला होता. रिपोर्ट चार दिवसांनी येणार होता. दुसऱ्या रात्री लाइट गेले, तासाभराने इन्व्हर्टरही गेला आणि मेणबत्ती लावून मी तीन पानं काढली. मधलं पान मनोऱ्याचं निघालं. माथ्यावर वीज पडलीय, ज्वाळा निघताहेत, दोन माणसं उलटी खाली येताहेत. पानं नीट पिसली गेली नव्हती, असं म्हणून मी ते आत सरकवलं आणि पुन्हा काढली. मग प्रश्न नीट मांडला नव्हता म्हणून पुन्हा. असं सात वेळा झालं. सातव्या वेळी सूर्य आला, पांढऱ्या घोड्यावर बसलेलं हसरं मूल घेऊन, आणि मी झोपायला गेले. आपण लबाडी केलीय हे तेव्हाच कळत होतं. कुणाशी केली, एवढंच सांगता येईना.

मला बोलायचंय ते त्या सात वेळांबद्दल. टॅरो खरं की खोटं, या वादात मला फार रस नाही, कारण त्यातला बराच भाग निकालात निघालेला आहे. पंधराव्या शतकात इटलीत ही पानं आली ती खेळायला. त्यांच्यात इजिप्तचं प्राचीन ज्ञान दडलंय हा शोध पॅरिसच्या कूर द जेबलँ या विद्वानाने 1781 साली लावला. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे त्याला खोडून काढणारं कुणी नव्हतं. आज बहुतेकांच्या हातात असतो तो कॅट 1909 साली लंडनला निघाला आणि त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढली. आपल्या कोकणातही पत्ते आहेतच की! सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा: लाखेचं काम, गोल पानं, दहा अवतारांची बारा-बारा मिळून 120. दिवसा खेळायला बसलं तर रामाची उतारी, रात्री कृष्णाची. इतकं देवाधर्माचं साहित्य हातात असूनही ‘बढती कधी’ हे मत्स्याला किंवा वामनाला विचारायचं कुणाला सुचलं नाही. पत्ते म्हणजे खेळ, देवाला विचारायचं ते देवळात, अशी इथल्या माणसाने वाटणी करून ठेवली होती.

माझं आजोळ संगमेश्वर तालुक्यात. तिथल्या ग्रामदेवतेच्या देवळात कौल लावताना मी लहानपणी कितीदा तरी पाहिलंय. कुठे पाकळ्या लावतात, कुठे तांदळाचे दाणे, आमच्याकडे कळे. गुरव आंघोळ करून ओलेत्याने आत जायचा आणि ओले कळे देवाच्या पाषाणावर ठरल्या जागी, उजवीकडे आणि डावीकडे, अंगठ्याने दाबून बसवायचा. मग बाहेर येऊन गाऱ्हाणं. अमक्याचा अमका, अमुक वाडीतला, विहीर खणायची म्हणतो. व्हायची असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे. मागे उभे असलेले सगळे एका सुरात म्हणायचे, ‘होय महाराजा.’ मग वाट बघायची. समईची ज्योत, वटवाघळांचा वास, छपरावर पाऊस. मी आणि मामेभाऊ कुठला कळा आधी पडणार यावर पैजा लावायचो. पाणी सुकलं की कळा सुटतो आणि गुरवाच्या अंगठ्याचा जोर दोन्हीकडे सारखा नसतो, हे आम्हाला दहाव्या वर्षीच कळलं होतं. तिथे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांना ते कळत नव्हतं असं मला वाटत नाही.

तरी त्या पद्धतीत एक शहाणपण होतं. प्रश्न मोठ्याने, चार माणसांत विचारावा लागे. गुरवाला सांगायचं म्हणजे आधी आपल्याला काय विचारायचंय ते एका वाक्यात बसवावं लागे. उजवा म्हणजे काय आणि डावा म्हणजे काय, हे कळा लावण्याआधीच ठरलेलं असे. पडल्यानंतर ‘डावा पडला खरा, पण त्याचा गूढ अर्थ असा’ म्हणायची सोय नव्हती. विचारणारा वेगळा, लावणारा वेगळा, देव तिसराच. आणि डावा पडला की माणूस छत्री उघडून घाटी उतरून घरी जायचा. दुसऱ्या कौलासाठी पुन्हा गुरवाची वेळ, पुन्हा नारळ, पुन्हा तीच चार माणसं. तेवढ्यात निम्म्यांची खुमखुमी जिरत असणार.

कौलाचे गोडवे गाण्याचा माझा इरादा नाही. गावात वजन असलेल्याला हवा तसा कौल पडल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. ‘करणी कुणी केली’ हाही प्रश्न देवापुढे गेलेला आहे, आणि त्यातून माणसं वाळीत पडलेली आहेत. 1924 ते 1937 सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. विज्ञाननिष्ठेचे त्यांचे लेख त्याच काळातले, पतितपावन मंदिर 1931 चं. शहराने त्यांची भाषणं ऐकली आणि देवाला कौलही लावले. रत्नागिरीकराला दोन्ही जमतं. पुन्हा पुन्हा कौल लावणारेही होतेच. त्यांच्यासाठी आमच्या आजीचं एक ठरलेलं वाक्य होतं: ‘उजवा पडेपर्यंतच लावायचा तर देवाला कशाला तसदी? हातानेच पाड.’

त्या रात्री मी हातानेच पाडत होते. स्वतःची पानं स्वतः काढताना गाऱ्हाणं घालणारी मी, कळा लावणारी मी, कौल वाचणारी मी आणि मागे उभं राहून ‘होय महाराजा’ म्हणणारीही मीच. पानांवरची चित्रं तर अशी आहेत की त्यातून काहीही निघू शकतं. मृत्यूचं पान आलं की पुस्तक सांगतं, ‘हा मृत्यू नव्हे, स्थित्यंतर.’ मग स्थित्यंतराचं पान आलं तर मृत्यू का नाही, हे विचारायला समोर कुणी नसतं. आता तर कॅटही लागत नाही. मोबाइलवर रात्री दोन वाजता अंगठा टेकवला की पान उलटतं. ना पिसायचं, ना नारळ.

यातलं गणित मी नंतर, डोकं ठिकाणावर आल्यावर, करून पाहिलं. 78 पानांत पाहिल्याबरोबर पोटात गोळा येईल अशी, माझ्या हिशोबाने, दहा आहेत: मनोरा, मृत्यू, सैतान, पाठीत दहा तलवारी खुपसलेला माणूस वगैरे. तीन पानं काढली तर त्यातलं निदान एक येण्याची शक्यता सुमारे 34 टक्के, म्हणजे तीनात एकदा. सात वेळा काढली तर एकदाही न येण्याची शक्यता जेमतेम पाच टक्के. थोडक्यात, जो माणूस पुन्हा पुन्हा विचारतो त्याला भीती भेटणारच. चांगलं पानही भेटणारच. कुठल्यावर थांबायचं एवढंच त्याच्या हातात उरतं, आणि ते त्याच्या मनाने आधीच ठरवलेलं असतं.

पुण्यात 2008 साली जयंत नारळीकरांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. नरेंद्र दाभोलकरही त्यात होते. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या आणि 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 देऊन विचारलं, यातली कुठली कुठल्या गटातली ते सांगा. उत्तरं 46 टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढीच आली असती. ते कुंडलीचं शास्त्र, ज्यात निदान आकडेमोड तरी आहे. फुगलेल्या पानांची काय कथा! तरीही पानं ‘अगदी माझ्याबद्दल’ बोलल्यासारखी वाटतात. बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1948 साली आपल्या वर्गातल्या 39 विद्यार्थ्यांना ‘तुमचं व्यक्तिमत्त्व’ म्हणून एकेक कागद दिला आणि वर्णन कितपत जुळतं त्याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी 4.26 आली. कागद सगळ्यांना एकच दिलेला होता.

हे सगळं माहीत असूनही मी डबा टाकून दिलेला नाही, आणि याची मला लाजही वाटत नाही. एखादं चित्र समोर ठेवून आपलं मन कुठे धावतं ते बघणं यात वावगं काय? आमच्याकडे देवापुढे चिठ्ठ्या टाकून लहान मुलाला उचलायला लावतात. ‘जाऊ नको’ची चिठ्ठी निघाली आणि पोटात खड्डा पडला की जायचंय हे कळतं. चिठ्ठीचं काम तिथे संपतं. पानांचं कामही मला तेवढंच वाटतं. पान पाहिल्याक्षणी छातीत जे होतं ते खरं. नंतर पुस्तक उघडून जे वाचतो ती पळवाट.

रिपोर्टसारख्या गोष्टीत मात्र तेवढंही नसतं. पेशी त्या सूक्ष्मदर्शकाखाली ज्या होत्या त्याच राहणार होत्या; माझं मन कुठे धावतंय याचा त्यांच्याशी संबंध नव्हता. तिथे मी विचारत नव्हते, नुसता धीर मागत होते. आणि धीराचं असं असतं की मागून मिळवला की तासाभरात ओसरतो आणि पुन्हा मागावा लागतो, प्रत्येक वेळी जरा जास्त. कुलूप लावलंय ना म्हणून परत परत दार ओढून बघणाऱ्यांना हे समजेल. ज्याला पान काढल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकवत नाही, रात्रीची झोप गेलीय, त्याला मी ‘पानं जपून काढ’ असं सांगणार नाही. त्याने माणसाशी बोलावं. महाराष्ट्रात सरकारची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि त्यातलं एक आमच्या रत्नागिरीत. त्यावरून आम्ही इतके विनोद करतो की तिथे ओपीडी असते, साध्या काळजीसाठीही जाता येतं, हे गावातल्या गावात लोकांना ठाऊक नसतं. तेवढंही नको तर 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन फुकट लागतो.

रिपोर्ट चौथ्या दिवशी आला. गाठ साधी होती. सूर्याचं पान खरं ठरलं म्हणायचं तर आधीच्या सहा वेळांचं काय करायचं?

त्यानंतर मी शंभर पानी वही केली. पान काढण्याआधी प्रश्न पेनाने लिहायचा, तारीख घालायची आणि त्या प्रश्नाला त्या महिन्यात पुन्हा हात लावायचा नाही. खोडाखोड दिसते म्हणून पेन. वहीला मी गुरव केलंय, असं म्हणा. आजारपण आणि पैसे यांना तीत जागा नाही. नियम दोनदा मोडला. दोन्ही नोंदी वहीत आहेत.

गेल्या मे महिन्यात आंब्याची गडबड संपल्यावर ती वही सलग वाचली. उत्तरं वाचून हसू आलं. त्यातलं एकही आज कामाचं नाही. प्रश्न मात्र वाचत बसले. चाळीसेक प्रश्न, आणि त्यातले निम्म्याहून जास्त वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारत होते: वडिलांनी लावलेली पावसच्या बाजूची कलमं विकून आईला घेऊन पुण्याला जावं का. आईला तिथे करमेल का. आईच्या मनात काय आहे. ‘आईच्या मनात काय आहे’ हे मी अकरा वेळा लिहिलं होतं, आणि ती पलीकडच्या खोलीत फणसाचे गरे सोलत बसली होती.

वही घेऊन तशीच गेले आणि सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली, तेलाचे हात कागदाला पुसले.

‘मग? काय म्हणाली पानं?’

‘कधी जा म्हणाली, कधी नको.’

‘अगो, मला विचारायचंस की. मला कुठे जायचंय?’

कलमं विकली नाहीत. डबा कपाटात आहे, वही अर्धी कोरी आहे. यंदा मोहोर उशिरा आला तेव्हा वही उघडली होती, पण लिहिलं काही नाही. बांधावरून शेजारच्या बागवाल्या काकांना हाक मारून विचारलं, यंदा असं का झालं. थंडी उशिरा पडली, म्हणाले.