विजेवरचा नैवेद्य
भोर-वेल्ह्याकडचा इंद्रायणी तांदूळ मायक्रोवेव्हमध्ये शिजवला, तर तो भात तोरणा गडावरच्या मेंगाई देवीला नैवेद्य म्हणून चालेल का? माझ्या मते चालेल. सूक्ष्मलहरी मुख्यतः अन्नातले पाणी तापवतात. कन्व्हेक्शन प्रकारच्या ओव्हनमध्ये पंखा गरम हवा खेळवतो. अन्न शिजते ते उष्णतेनेच. इथे अग्नी नाही, हा आक्षेप वैश्वदेवापुरता खरा आहे. तिथे आहुती द्यायची असते, विस्तव हवाच. नैवेद्याचे तसे नाही. तो सोवळ्यात, ताजा, कुणी न चाखता रांधलेला हवा. चुलीच्या जागी गॅस आला तेव्हाही आपण एवढेच पाहिले. मात्र कालचा भात फ्रिजमधून काढून मिनिटभर गरम करणे मला मुळीच मान्य नाही. वर तूप सोडले, वाफा आल्या, तरी तो शिळाच. देवीपुढे ठेवू नये.