फाटकाआडचा वानप्रस्थ

माणसाने आयुष्याचा उत्तरकाल कोठे घालवावा, हा प्रश्न वरकरणी सोयीगैरसोयीचा दिसतो. घर किती खोल्यांचे असावे, रुग्णालय किती अंतरावर असावे, हवा कशी असावी, गाठीचा पैसा किती वर्षे पुरेल, एवढे हिशेब जुळले की तो सुटेल असे वाटते. परंतु हे सारे हिशेब जुळल्यानंतरही निर्णय अडून राहतो, तेव्हा त्याच्या मुळाशी सोयीहून वेगळे काहीतरी आहे हे ध्यानात येते. ज्या माणसांत आपण वावरलो त्यांच्यापासून दूर होण्याचा अधिकार केवळ वयामुळे प्राप्त होतो काय, आणि होत असल्यास त्याची मर्यादा कोणती, हा तो प्रश्न होय.

मराठी भाषेने या प्रश्नाची गुंतागुंत एका शब्दात साठवून ठेवली आहे. नोकरी संपणे यासाठी आपण 'निवृत्ती' हा शब्द वापरतो, आणि संसारापासून मन मागे घेणे यासाठीही तोच. पहिली निवृत्ती ठरावीक तारखेस, कार्यालयीन आदेशाने येते. दुसरीसाठी अशी तारीख नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त या दुसऱ्या निवृत्तीचीच चिकित्सा केली आहे. ज्ञान झाल्यावर कर्म सोडलेच पाहिजे हे मत त्यांनी नाकारले आणि लोकसंग्रहासाठी कर्म करीत राहण्याचा पक्ष मांडला. त्या ग्रंथावर महाराष्ट्रात पुष्कळ वाद झाला. मात्र निवृत्तीवेतन घेऊ लागलेल्या सामान्य गृहस्थाने आपल्या रोजच्या जगण्यात त्या वादाचा निकाल कसा लावावा, हे ज्याने त्याने ठरवायचे राहिले.

हा प्रश्न आज एका नव्या रूपात समोर येतो. बेंगळुरूच्या उत्तरेस नंदी टेकड्यांकडे जाणाऱ्या मार्गावर, तसेच म्हैसूरच्या रस्त्यावर बिडदीजवळ, गोल्फच्या मैदानांभोवती बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. हिरवळ, तळी, क्लब, पहारा आणि शांतता एका कुंपणात मिळते. देवनहळ्ळीचा विमानतळ २००८ मध्ये सुरू झाल्यापासून, ज्यांची मुले परदेशी आहेत अशा वृद्धांना शहराची उत्तर बाजू अधिकच सोयीची झाली. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरचे हे शहर त्याच्या हवेमुळे निवृत्तांचे आवडते होतेच. आता त्या आवडीला कुंपण आणि फाटक लाभले आहे.

या निवडीचा विचार शिवाजीनगरातून केल्यास तिचे खरे मोल कळते. १८०९ मध्ये इंग्रजांनी येथे लष्करी छावणी वसवली, आणि तिच्या आश्रयाने जी दाट वस्ती वाढली तिला पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणत. तेच आजचे शिवाजीनगर. १९२७ मध्ये बांधलेले रसेल मार्केट, बोरिंग रुग्णालय, सेंट मेरीचे बॅसिलिका, मशिदी, कमर्शियल स्ट्रीटकडे निघणारे बोळ आणि सदैव गजबजलेले बसस्थानक हे सारे येथे अंगाला अंग लावून आहे. एका फर्लांगात तमिळ, दखनी आणि कन्नड कानी पडतात. ८ सप्टेंबरला मेरीमातेच्या उत्सवात भगवी वस्त्रे नेसलेल्या भाविकांनी रस्ते भरून जातात. मराठी वाचकाला या नावाबरोबर शहाजीराजे आठवणे स्वाभाविक आहे. कारण सतराव्या शतकात बेंगळुरू ही त्यांची जहागीर होती. त्यांच्या आश्रयास असलेल्या जयराम पिंड्ये यांचा 'राधामाधवविलासचंपू' वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्या दरबारात किती भाषांच्या कवींना जागा होती हे महाराष्ट्राला नव्याने कळले. नाना भाषांनी एकत्र नांदण्याची या शहराची सवय अशी जुनी आहे.

वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये येथे विमानांचा कारखाना काढला. स्वातंत्र्यानंतर सरकारी उद्योग आले आणि त्यांच्याबरोबर नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे शहरात ठिकठिकाणी स्थिरावली. अशा एखाद्या दांपत्याची कल्पना करावी. पतीने कारखान्यात पस्तीस वर्षे काढली आहेत. पत्नीने त्याच काळात शिवाजीनगरातील एका जुन्या घरात संसार केला आहे. मुलगा परदेशी आहे. टेकडीखालच्या वसाहतीत घर घ्यावे, जुने विकून टाकावे, पैशाची तजवीज आपण करू, असे तो सुचवतो. पती राजी आहे, पत्नी गप्प आहे.

जाण्याचा पक्ष दुबळा समजण्याचे कारण नाही. शिवाजीनगरचे पदपथ सत्तरीतल्या पायांसाठी नाहीत. एकदा पाय मुरगळला की त्या वयात स्वातंत्र्य गेले. रात्रीचा गोंगाट, वाहनांचा धूर, पाण्याची ओढ, जिन्याच्या पायऱ्या या गोष्टी शरीर रोज मोजत असते. ज्याने उभी हयात यंत्रांच्या आवाजात घालवली त्याने अखेरीस शांतता मागितली, तर त्याला ऐषआरामी ठरवणे हा अन्याय होईल. शिवाय मुलांवर भार पडू नये ही इच्छा आहे. ती स्वाभिमानाची आहे आणि प्रेमाचीही.

या पक्षाच्या मदतीस अनेकदा परंपरा बोलावली जाते. वानप्रस्थ म्हणजे तरी दुसरे काय, असे विचारले जाते. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात म्हटले आहे की, अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवंड दिसले म्हणजे गृहस्थाने अरण्याकडे वळावे. मनुस्मृतीतील समाजव्यवस्था आज स्वीकारता येणार नाही. परंतु जो तिचा दाखला देतो त्याने तो पुरा वाचला पाहिजे. त्या अरण्यवासीयाने ग्राम्य आहार आणि सामानसुमान टाकून जायचे आहे. मात्र त्याचे पंचमहायज्ञ सुटत नाहीत. आश्रमात आलेल्या अतिथीला पाणी, कंदमुळे, फळे देऊन त्याचा सत्कार करण्याचे कर्तव्य त्याच्याकडे राहतेच. म्हणजे वानप्रस्थाने परिग्रह सोडला आहे, लोकांप्रती असलेले उत्तरदायित्व सोडलेले नाही. त्याच्या वनाला कुंपण नाही. वाट चुकलेला कोणीही तेथे येऊ शकतो. गोल्फच्या वसाहतीत हा क्रम नेमका उलटतो. परिग्रह वाढतो आणि अतिथी फाटकावर थांबतो. तेथे येणाऱ्याचे नाव लिहिले जाते, आतून होकार आला तरच तो पुढे सरकतो. ज्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असा अर्थ सांगितला जातो. या व्यवस्थेत त्याला स्थानच उरत नाही.

एकांताचा दाखलाही असाच तपासून घ्यावा लागतो. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची जी लक्षणे सांगितली आहेत त्यांत एकांतस्थानी राहणे आणि जनसमूहाविषयी अरुची यांचा समावेश आहे. पण वसाहतीत एकांत नसतो, निवडलेली संगत असते. समान उत्पन्नाची, समान वयाची, समान आवडीनिवडीची माणसे एकमेकांना भेटत राहतात. एकांतात माणूस स्वतःसमोर उभा राहतो, आणि बाजारात आपल्याहून वेगळ्या माणसासमोर. निवडलेल्या संगतीत या दोन्ही कसोट्या टळतात. तिचे सुख खरे असते. परंतु त्याला वैराग्य म्हणता येत नाही.

अशी संगत दीर्घकाळ चालली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेत घडून गेले आहे. ॲरिझोना राज्यात १ जानेवारी १९६० रोजी 'सन सिटी' हे निवृत्तांचे गाव सुरू झाले. गोल्फचे मैदान हे त्याचे प्रमुख आकर्षण होते आणि लहान मुलांच्या कुटुंबांना तेथे वास्तव्य नव्हते. पुढे त्या भागातील शाळांसाठी कर्जरोखे काढण्याचे प्रस्ताव मतदानास आले, तेव्हा या गावाने ते पुनःपुन्हा नामंजूर केले. अखेर १९७०च्या दशकात गावच त्या शाळा-जिल्ह्यातून वेगळे करण्यात आले. हे वृद्ध दुष्ट होते असे मानण्याची गरज नाही. त्यांनी आपापल्या नातवंडांवर प्रेमच केले असेल. पण शाळेत जाणारे परके मूल त्यांच्या दृष्टीच्या कक्षेतून नाहीसे झाले होते. जे रोज डोळ्यांना दिसत नाही त्याच्याविषयीचे कर्तव्य हळूहळू मतपत्रिकेवरूनही पुसले जाते, एवढाच या घटनेचा अर्थ घ्यावा.

येथे दोष खेळाकडे लावणे सोपे असले तरी ते योग्य नाही. बेंगळुरूत गोल्फ क्लब १८७६ पासून आहे, आणि खेळाचे मैदान कोणा एका वर्गाचे असलेच पाहिजे असे नाही. याच शहरात एकेकाळी कॅडीचे काम करणाऱ्या सी. मुनियप्पा यांनी २००९ मध्ये इंडियन ओपन स्पर्धा जिंकली. दुसऱ्याच्या काठ्या वाहणाऱ्या मुलाने खेळ नुसता पाहून आत्मसात केला, कारण त्या मैदानावर त्याला कामापुरता का होईना प्रवेश होता. वसाहतीतही माळी, स्वयंपाकीण, पहारेकरी रोज आत येतात. सकाळी येतात आणि संध्याकाळी बाहेर जातात. बाहेरच्या जगाशी तेथील वृद्धाचा संबंध उरतो तो या मोलाच्या श्रमांतून. शेजाऱ्याचा ऋणानुबंध आणि नोकराची सेवा यांत फरक असा की, पहिल्यात आपल्यालाही हाक येऊ शकते. २०२४च्या उन्हाळ्यात बेंगळुरूला पाण्याची भीषण टंचाई सोसावी लागली. सुमारे शंभर किलोमीटरवरून कावेरीचे पाणी उपसून आणणाऱ्या या शहरात हिरवळ ही निव्वळ शोभेची बाब राहत नाही. ती प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर जोपासली, तरी वाटपाचा प्रश्न कुंपणाबाहेर उभाच असतो.

आता त्या गप्प राहिलेल्या पत्नीकडे वळले पाहिजे. मनुस्मृतीने वनात जाणाऱ्या पुरुषापुढे दोन पर्याय ठेवले आहेत: पत्नीला मुलांच्या स्वाधीन करावे, अथवा बरोबर न्यावे. तिला काय हवे आहे, हा तिसरा प्रश्न तेथे विचारलेला नाही. आजही बहुधा तो शेवटी विचारला जातो. पतीचे नातेसंबंध कारखान्यात होते आणि निवृत्तीच्या दिवशी ते बव्हंशी संपले. त्याला शिवाजीनगरात सोडण्यासारखे फारसे उरलेले नाही. पत्नीचे तसे नाही. रसेल मार्केटमधला भाजीवाला, वरच्या मजल्यावरची तमिळ विधवा, जिच्या मुलीला तिने मराठी पद्धतीच्या पुरणपोळ्या शिकवल्या ती शेजारीण, ही सारी तिची मिळकत आहे, आणि घराच्या विक्रीखतात तिची नोंद होत नाही. दुसऱ्या बाजूने, पस्तीस वर्षे स्वयंपाकघरात काढलेल्या स्त्रीला तयार जेवण देणारी वसाहत हीच पहिली खरी निवृत्ती वाटू शकते. तिचे मौन कोणत्या बाजूचे आहे हे इतरांनी गृहीत धरता कामा नये. बृहदारण्यक उपनिषदात घर सोडण्यापूर्वी याज्ञवल्क्य मालमत्तेची वाटणी करू लागतो, तेव्हा मैत्रेयी विचारते की, सारी पृथ्वी धनाने भरून मिळाली तरी त्याने अमृतत्व लाभेल काय. निघण्याच्या क्षणी विचारावा असा हाच प्रश्न आहे. तो पत्नीने विचारला आणि पतीने तो मानाने ऐकून घेतला, हे त्या संवादाचे विशेष मोल.

या विवेचनावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. गल्लीचे जीवन लांबून गोड दिसते. आत तिरस्कार असतो, चौकशा असतात, भांडणे असतात. घरही सुरक्षित नसते. सारे मुलांना वाटून दिल्यावर स्वतःच्याच घरात परक्या झालेल्या गणपतराव बेलवलकरांना मराठी प्रेक्षक १९७० मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'नटसम्राट'पासून ओळखतो. त्यामुळे वृद्धाने कुटुंबात वा वस्तीतच पडून राहावे असा उपदेश करणे क्रौर्याचे ठरेल. धोंडो केशव कर्वे यांनी फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले, १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी संस्था उभारली. ते आदराचे शिखर आहे. पण प्रत्येक थकल्या माणसाला त्या उंचीने मोजणे योग्य नाही. विश्रांती हा वृद्धाचा हक्क आहे, आणि तो उपभोगताना त्याने कोणाची क्षमा मागण्याचे कारण नाही.

तेव्हा जावे की न जावे, याचे एकच उत्तर सर्वांना देता येणार नाही. जाणाऱ्याने स्वतःला काय विचारावे, एवढे मात्र सांगता येते. येथून निघताना आपले ओझे कमी होत आहे, की केवळ अधिक नीटनेटक्या जागी मांडले जात आहे? बरोबर येणाऱ्या माणसाची संमती आहे, की नुसता नकार नाही? आणि तेथे गेल्यावर, ज्याला आपण बोलावलेले नाही अशा कोणाला आपल्या दारापर्यंत येता येईल काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे घरातल्या घरात मिळतात. तिसऱ्याचे उत्तर जाण्यापूर्वी मिळत नाही. ते गेल्यानंतर रोज द्यावे लागते. वसाहतीत राहूनही एखादा वृद्ध शेजारच्या गावातील शाळेत आठवड्यातून दोन दिवस गणित शिकवू शकतो, आणि शिवाजीनगरच्या गजबजाटात राहूनही एखादा दाराला आतून कडी लावून बसू शकतो. फरक एवढाच की, शिवाजीनगरात कडी माणसाला स्वतः लावावी लागते आणि त्या कृतीची थोडी लाज वाटते. वसाहतीत ते काम पहारेकरी करतो, आणि लाज वाटण्याचा प्रसंगच येत नाही. जाणाऱ्याने सावध राहायचे आहे ते या ठिकाणी.