दान, दाता आणि घेणाऱ्याचे नाव

अमळनेरला आम्ही गेलो ते २०२४ च्या फेब्रुवारीत, ९७ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने. प्रताप महाविद्यालयाच्या आवारातील मंडपात गर्दी दाटली होती. दुपारच्या एका परिसंवादातून आम्ही जरा लवकरच उठलो (वक्त्यांनी क्षमा करावी) आणि गावातून एक फेरी मारून आलो. दानाविषयीचा एक जुना प्रश्न मनात घेऊनच आम्ही त्या गावात पाऊल टाकले होते. आणि दानाचा विचार करावयास खानदेशात अमळनेरसारखे दुसरे गाव क्वचितच असेल.

श्रीमंत प्रताप शेठ या गिरणीमालकांनी १९१६ साली येथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. विद्वानांनी पोटाची चिंता बाजूला ठेवून तत्त्वचिंतन करावे, यासाठी त्यांनी आपले धन दिले. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा थोर तत्त्वज्ञ तेथे संचालक म्हणून राहून गेला. याच मंदिरात अध्ययनासाठी कोकणातून पांडुरंग सदाशिव साने नावाचा एक तरुण आला. पुढे १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे तो गावातील शाळेत शिक्षक होता. वसतिगृहाची देखरेख त्याच्याकडे आली, तेव्हा मुले बाहेर गेली की हा शिक्षक त्यांच्या खोल्या झाडून ठेवी, मळलेले कपडे धुऊन ठेवी. आपल्या पगारातून त्याने गरीब मुलांना हातभार लावला. त्या तरुणाला महाराष्ट्र साने गुरुजी म्हणून ओळखतो.

तिसरी हकिकत अलीकडची. १९४५ च्या डिसेंबरात महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची एक कंपनी नोंदविली आणि अमळनेरला तिचा कारखाना उभा राहिला. तीच पुढे विप्रो झाली. कंपनीचे भाग जवळ बाळगून असलेली अनेक कुटुंबे अमळनेरात आहेत. हाशम प्रेमजींचे चिरंजीव अझीम प्रेमजी यांनी २०१९ च्या मार्चमध्ये आपल्या मालकीच्या आणखी भागांचा लाभ स्वतःच्या सेवाभावी संस्थेला वाहिला. त्यांची एकूण देणगी सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपयांवर गेली. आमच्यासारख्या माणसाला या आकड्यातील शून्ये मोजतानाच धाप लागते.

एका देणगीची वास्तू झाली, एक देणगी धुतलेल्या कपड्यांच्या घडीत विरून गेली, आणि एक इतकी विशाल, की देणारा घेणाऱ्यांना कधी पाहू शकणार नाही. या तिन्हींत उजवे-डावे ठरविण्याची आमची पात्रता नाही. आमचा प्रश्न चौथ्या प्रकारच्या दानाचा आहे. ते तुमच्या-आमच्या धर्मग्रामांत रविवारी पेटीत पडते, आणि त्यातून शहरातल्या एखाद्या गरजू कुटुंबाच्या घरचे धान्य, मुलांची फी, औषधाचे बिल भागते.

प्रश्न पडला तो एका फलकामुळे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका औद्योगिक शहरात राहत होतो. तेथील धर्मग्रामात गरीब कुटुंबांसाठी निधी होता आणि त्याच्या समितीवर आम्ही होतो. उपवासकाळात जमलेल्या पैशांतून एका बाईंना शिवणयंत्र देण्यात आले. कुटुंब अमळनेर तालुक्यातून पोटासाठी शहरात आलेले; घरात अहिराणी बोलत. नवरा कंत्राटी कामावर होता, काम सुटले होते, आणि खोलीचे भाडे थकले होते. यंत्र देताना आम्ही छायाचित्र काढले. पुढच्या वर्षी निधीसाठी आवाहन करायचे, तेव्हा समितीत कोणीतरी म्हणाले, “लोकांना नुसते आकडे सांगून काय होते? चेहरा दिसला पाहिजे.” सर्वांना पटले. आम्हालाही पटले, हे येथे स्पष्ट लिहून ठेवतो. देवळाच्या दाराशी मोठा फलक लागला. त्यावर ती बाई, ते यंत्र, आणि खाली आभाराचा मजकूर.

जमा चांगली झाली. मात्र त्या बाईंची मुलगी धर्मशिक्षणाच्या वर्गाला येईनाशी झाली. आधी वाटले आजारी असेल. चौकशी केली तेव्हा कळले, की वर्गातली मुले तिला ‘मशीनवाली’ म्हणू लागली होती. त्यात क्रौर्य फारसे नव्हते. मुलांना सापडलेले ते एक नाव होते, इतकेच. पण ते नाव त्यांना आम्ही पुरविले होते.

तेव्हापासून आम्ही शुभवर्तमान वेगळ्या नजरेने वाचतो. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये, ही मत्तयाच्या शुभवर्तमानातील शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. तिचा अर्थ आपण देणाऱ्याच्या बाजूने लावतो: दात्याने गर्व करू नये, ढोल वाजवू नये. अर्थ बरोबरच आहे. परंतु त्या गुप्ततेत घेणाऱ्याचाही वाटा आहे, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. मार्कच्या शुभवर्तमानात एका बहिऱ्या माणसाला लोक प्रभूकडे आणतात. प्रभू त्याला गर्दीतून बाजूला नेतो, आणि मग बरे करतो. याईराच्या मुलीला उठविण्यापूर्वी तो घरातल्या गलबला करणाऱ्यांना बाहेर काढतो. मंदिराच्या दानपेटीत दोन लहान नाणी टाकणाऱ्या विधवेकडे त्याने शिष्यांचे लक्ष वेधले खरे. पण तिला त्याने जवळ बोलावले नाही, सर्वांसमोर उभे केले नाही. ती आली तशी निघून गेली. आपली स्तुती झाली हे तिला बहुधा कधी कळलेही नसेल.

येरुशलेमच्या मंदिरात गुप्तदानाची एक खोली होती, असे यहुदी परंपरा सांगते. धर्मशील माणसे तेथे गुपचूप दान ठेवीत, आणि चांगल्या घरचे पण दारिद्र्यात आलेले लोक गुपचूप उचलून नेत. संत निकोलसची कथा तर आपल्या मुलांनाही पाठ आहे: तीन मुलींच्या हुंड्यासाठी रात्रीच्या अंधारात खिडकीतून टाकलेल्या सोन्याच्या थैल्या. त्या कथेचा शेवट आपण सहसा सांगत नाही. मुलींच्या बापाने निकोलसला अखेर गाठले, तेव्हा त्याने आपण जिवंत असेपर्यंत हे कोणाला न सांगण्याचे त्या बापाकडून वचन घेतले. चालीरीती बदलल्या आणि हुंड्याला आज कोणी दानाचा विषय करणार नाही. पण गरीब बापाला रस्त्यात मान वर करून चालता यावे, एवढी काळजी त्या बिशपाने घेतली होती.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. लोक घाम गाळून मिळविलेला पैसा देतात. तो कोठे गेला हे विचारण्याचा त्यांना हक्क नाही काय? आहे, निश्चित आहे. गरिबांच्या नावाने जमविलेला पैसा भलतीकडे गेल्याच्या हकिकती आपण सर्वांनीच ऐकल्या आहेत. पण हिशेब आणि चेहरा या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याप्रमाणे नोंदलेल्या न्यासाला आपले हिशेब तपासून घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे द्यावे लागतात. पावत्या, खर्चाची नोंद, लेखापरीक्षकाची सही, हे सगळे त्यात येते. गरजू बाईचा चेहरा फलकावर लावा, असे तो कायदा सांगत नाही. चेहरा मागतो तो आपल्या मनातील दुसराच कोणी. त्याला खात्री नको असते, समाधान हवे असते. आपण दिलेल्या शंभर रुपयांचे काहीतरी झालेले डोळ्यांना दिसावे, आणि समोरच्याच्या डोळ्यांत कृतज्ञता दिसावी, अशी त्याची इच्छा. इच्छा माणसासारखीच आहे. मात्र तिची किंमत दुसऱ्याने भरावी, हा व्यवहार न्याय्य नव्हे.

मग उपाय म्हणून सारेच निनावी करून टाकावे काय? तेही आम्हाला पटत नाही. घेणारा दिसत नाही तेव्हा तो हळूहळू ‘लाभार्थी’ होतो, मग आकडा होतो. मोठ्या संस्थांना ते टाळता येत नसेल. धर्मग्रामाला टाळता येते. या बाबतीत आम्हाला मार्ग सापडला तो फ्रेडरिक ओझानाम या फ्रेंच विद्यार्थ्याच्या चरित्रात. १८३३ साली पॅरिसमध्ये तो वीस वर्षांचा होता. विद्यार्थ्यांच्या एका वादसभेत तो ख्रिस्ती धर्माची बाजू मांडत असे. प्रतिपक्षाने विचारले, तुमच्या चर्चने एके काळी पुष्कळ केले, पण तुम्ही आज काय करता? या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते. तो आणि त्याचा एक मित्र आपल्याजवळ उरलेली जळणाची लाकडे घेऊन एका गरिबाच्या घरी गेले, अशी हकिकत सांगतात. गरिबांच्या घरी कसे जावे, हे रोझाली रेंदू या धर्मभगिनीने त्या तरुणांना शिकविले. त्यांतून संत विन्सेंट दी पॉल संस्था उभी राहिली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९७ साली पॅरिसमध्ये ओझानामला धन्य घोषित केले. आपल्याकडील अनेक धर्मग्रामांत ही संस्था काम करते, म्हणून तिची ओळख करून देण्याची गरज नाही.

तिच्या दोन जुन्या रीतींकडे मात्र पुन्हा पाहावे असे वाटते. पहिली म्हणजे गुप्त थैली. सभेत थैली सर्वांसमोरून फिरते. प्रत्येक जण मूठ आत घालतो आणि बाहेर काढतो. कोणी किती टाकले ते शेजाऱ्यालाही कळत नाही. आणि ज्याच्याजवळ त्या आठवड्यात काहीच नाही, त्याचाही हात सर्वांसारखाच आत जातो आणि बाहेर येतो. दुसरी रीत म्हणजे गृहभेट. सभासद दोघे-दोघे मिळून कुटुंबाच्या घरी जातात, बसतात, ऐकतात. कुटुंबांची नावे सभेबाहेर काढावयाची नसतात. देणारा झाकलेला, घेणारा जगापासून झाकलेला, पण दोघांच्या मध्ये घराचा उंबरठा उघडा. आम्ही लावलेल्या फलकाने याच्या नेमके उलट केले होते: साऱ्या धर्मग्रामाने त्या बाईंना पाहिले, आणि वर्षभरात त्यांच्या घरी कोणी गेले नव्हते.

ओझानाम तेथेच थांबला नाही, हेही सांगितले पाहिजे. घरोघर जाऊन त्याला कळले, की कामगाराला पुरेसे वेतन मिळाले असते तर लाकडांची मोळी न्यावीच लागली नसती. न्याय झाला नाही, तर दानाला कधी अंत नाही, असे त्याचे म्हणणे १८४८ च्या धामधुमीत अधिक धारदार झाले. पोप पॉल सहावे यांनी १९६७ च्या आपल्या परिपत्रकात संत अँब्रोजच्या एका विचाराची आठवण दिली: गरिबाला तुम्ही देता ते तुमचे नसतेच, त्याचे होते ते त्याला परत करता. हे खरे मानले, तर आभाराचा मजकूर फलकावर लिहून घेणारे आपण कोण? कर्ज फेडणारा सावकाराचे छायाचित्र काढून दारावर लावीत नाही. त्या बाईंच्या नवऱ्याचे काम कंत्राटदाराने एका शब्दावर काढून घेतले होते. त्याबद्दल आमच्या समितीने कोणाला एक पत्रही लिहिले नव्हते. यंत्र देणे सोपे होते. अमळनेरच्या रस्त्यांवर फिरताना आम्हाला हेच पुन्हा पुन्हा आठवत राहिले. पूर्वी खेड्यांतली माणसे कामासाठी या गावाच्या गिरणीकडे येत. आता त्यांची नातवंडे कामासाठी सुरतेला, नाशिकला, पुण्याला जातात, आणि तेथल्या वस्त्यांत आपल्या निधीच्या यादीवर येतात.

फलक उतरविल्यावर आम्ही दोघे जण त्या बाईंच्या घरी गेलो. माफी मागायची म्हणून पुष्कळ वाक्ये जुळवून नेली होती. त्यांनी पाट मांडले, चहा ठेवला. आमची वाक्ये त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “भाऊ, फोटो चांगला होता. पण आम्हाला इचारलं असतं तर मी लुगडं बदललं असतं.” यावर आम्हाला काही बोलता आले नाही. मुलगी आतल्या बाजूला भिंतीकडे तोंड करून अभ्यास करीत होती. आम्ही निघेपर्यंत तिने मागे वळून पाहिले नाही.

त्यानंतरच्या वर्षी समितीत छायाचित्राचा प्रश्न पुन्हा निघाला. काहींचे म्हणणे, की परवानगी घेऊन लावू. आम्ही विरोधात बोललो. ज्याच्या घरी तुमचे धान्य आहे तो तुम्हाला ‘नाही’ कसे म्हणणार, एवढाच आमचा मुद्दा होता. थोडी शब्दाशब्दी झाली. अखेर ठरले, की दाराशी फक्त तपासलेला हिशेब लावायचा: किती जमले, किती कुटुंबांना, कशासाठी. त्या वर्षी निधी आधीच्या वर्षापेक्षा कमी जमला. फलकाची बाजू घेणाऱ्या एका सभासदाने आम्हाला सभेनंतर थांबवून विचारले, की कमी पडलेल्या पैशांत किती घरांचे धान्य आले असते ते तुम्ही मोजले आहे काय. आम्ही मोजले होते. तीन घरांचे, सहा महिन्यांचे. त्या तीन घरांसाठी थैली आणखी एकदा फिरवावी, असे आम्ही त्यांना म्हणालो, आणि पुढच्या रविवारी ती फिरविली. थैली उघडली तेव्हा दोन घरांपुरते पैसे निघाले.