दोन मात्रांचा हरि

पैठणला नाथषष्ठीला हरिपाठ ऐकताना एक गोष्ट कानाला लगेच जाणवते. अभंगामागून अभंग बदलतो, धृपद मात्र तेच राहते. ज्ञानदेवांच्या हरिपाठात २७-२८ अभंग आहेत, एकनाथांचा हरिपाठ निराळा. ते सगळे पाठ नसणारा माणूसही धृपदाला आवाज मिसळतोच. त्या धृपदातला ‘हरि’ म्हणजे दोन लघू अक्षरे, दोनच मात्रा, आणि शेवटचा स्वर हवा तेवढा लांबवता येतो. ‘विठ्ठल’ चार मात्रांचा. दोनदा म्हटला की आठ मात्रांचा ठेका भरतो आणि लय कितीही चढली तरी शब्द मोडत नाही. देवाची छोटी नावे ही मोठ्या नावांची काटकसर आहे, असे आपण धरून चालतो. मला वाटते, ती समूहाच्या गळ्याने आणि पखवाजाने घडवलेली आहेत. एकनाथांनी भागवताच्या ज्या एकादश स्कंधावर टीका लिहिली, त्यात कलियुगात संकीर्तनानेच सारे साधते असे सांगितले आहे. शास्त्राने ही मुभा दिली, पण ती वापरायची कशी हे टाळकऱ्यांनी ठरवले.

हे केवळ वारकऱ्यांचे वैशिष्ट्य नाही. यहुदी परंपरेत देवाचे चार अक्षरी नाव उच्चारत नाहीत, वाचतानाही त्या जागी दुसरा शब्द घेतात. पण त्याच नावाचे ‘याह’ हे आखूड रूप ‘हालेलुया’त राहिले आणि मंडळी ते मोकळ्या गळ्याने गात आली. १६११ च्या इंग्रजी बायबलातल्या ६८व्या स्तोत्रात ते सुटे येते. पुढे जमैकातल्या रास्ताफारींनी ‘जाह’ म्हणून ते ढोलाच्या ठेक्यावर घेतले आणि रेगे संगीताने ते जगभर नेले. सूफींकडेही हेच दिसते. आपल्या खुलताबादेत बुऱ्हानुद्दीन गरीब १३३७ मध्ये वारले. ते निजामुद्दीन औलियांचे शिष्य, आणि समाचे, म्हणजे भक्तिसंगीताच्या मैफलीचे, मोठे चाहते. सूफी जिक्रातला, म्हणजे नामस्मरणातला, ‘हू’ (‘तो’, ईश्वर) तर उच्छ्वासाबरोबरच बाहेर पडतो. जिक्र पिराकडून घ्यावा लागतो हे खरे, पण ‘हू’ म्हणायला अरबी यावी लागत नाही. विजापूरच्या सूफींच्या दख्खनी ‘चक्कीनाम्यां’त हेच नाम जात्याच्या फेऱ्याला जोडले आहे. आपल्याकडे जनाबाईंचे जाते आठवावे.

यावर पहिला आक्षेप ओंकाराचा. तो तर सर्वांत आखूड, मग तो स्त्री-शूद्रांना शतकानुशतके का नाकारला गेला? आक्षेप रास्त आहे, आणि त्याने माझे म्हणणे थोडे आवरतेही घ्यावे लागते: नुसत्या आखूडपणाने नाव मोकळे होत नाही. ओंकाराभोवती अधिकार, दीक्षा आणि अचूक उच्चार यांचे कुंपण होते. ‘हरि’ला ते नव्हते, कोणी बेसूर म्हटला तरी चालतो. ज्ञानेश्वरीच्या आरंभी ओंकारच गणेश म्हणून वंदिला आहे, आणि त्याच ज्ञानदेवांच्या नावे चालत आलेला हरिपाठ गावोगावच्या पारावर म्हटला जातो. दोन्ही गोष्टी एकाच परंपरेत नांदल्या, हे मला फार बोलके वाटते. नुसत्या तोंडी जपाने काय होते, हा दुसरा आक्षेप जुनाच आहे. खुद्द संतांनीच पोपटपंचीवर कोरडे ओढले आहेत, त्यात मी काय भर घालणार!

तिसरा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. नाव सर्वांना दिले, पण देऊळ दिले नाही. ज्या शहरातल्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये विधिमंडळात झाला आणि नामविस्तार व्हायला १९९४ उजाडले, तिथे बसून नामाची समता निर्वेधपणे गाता येणार नाही. चोखोबांना विठ्ठलाचे नाव मुखात घेता आले, त्याच्या देवळात पाऊल ठेवता आले नाही. मात्र याच नावाने चोखोबा आणि सोयराबाई यांनी विटाळाचा जाब देवालाच विचारला, आणि ते अभंग कीर्तनात टिकले. हे थोडे नाही; पुरेसेही नाही. पंढरपूरचे दार दलितांना उघडले ते १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजी उपोषणाला बसल्यावर.