रेस कोण देतंय?

गेल्या दिवाळीत आम्ही बाबांकडून गाडीची किल्ली काढून घेतली. आम्ही म्हणजे दादा आणि मी. बाबा ७१ वर्षांचे. सांगलीत विश्रामबागच्या चौकात सिग्नलला थांबलेली त्यांची गाडी एकदम गुरगुरली, पुढे झेपावली आणि रिक्षाला मागून जाऊन लागली. रिक्षावाल्याला ५०० रुपये दिल्यावर तिथला विषय मिटला. घरचा मिटला नाही. बाबा सांगत होते, "मी अॅक्सिलरेटरला पायही लावला नव्हता. गाडी आपोआप रेस झाली." दादा म्हणाला, "बाबा, गाडी आपोआप काही करत नाही." मी गप्प बसले. म्हणजे दादाच्याच बाजूने बसले.

जानेवारीत तीच गाडी घेऊन मी मिरजेला निघाले होते. सिग्नलला न्यूट्रल केली. काटा ८०० वर होता, तो हळूहळू २००० पर्यंत चढला, धपकन खाली आला, परत चढला. माझा पाय खाली मॅटवर होता. त्या क्षणी मनात पहिला विचार आला तो असा: गाडीत काहीतरी बिघाड आहे. माझ्या पायावर मी अर्धा सेकंदही शंका घेतली नाही. बाबांच्या पायावर अडीच महिने घेतली होती.

तशीच मिस्त्रीकडे नेली. त्याने आधी मॅट पेडलमध्ये अडकतेय का ते पाहिलं, मग अॅक्सिलरेटरची केबल ओढून सोडून पाहिली. दोन्ही ठीक. मग म्हणाला, "ताई, ही कुठनं तरी चोरून हवा घेतीया."

पेट्रोल इंजिनाचा वेग मुळात हवेवर ठरतो. आपण पेडल दाबतो तेव्हा थ्रॉटलची झडप उघडते, हवा आत जाते, आणि त्या हवेच्या हिशोबाने कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. पाय काढला की झडप जवळजवळ बंद होते आणि इंजिन उरलेल्या फटीतून जोरात हवा ओढत राहतं. अशा वेळी झडपेच्या पलीकडची एखादी रबरी नळी चिरलेली असेल, तर तिथूनही हवा घुसते. कॉम्प्युटरला आतली हवा वाढलेली कळते, तो इमानदारीत पेट्रोल वाढवतो आणि रेस चढते. मग त्याच्या लक्षात येतं की झडप बंद आहे पण इंजिन तर जोरात फिरतंय. याचा त्याच्या लेखी अर्थ एकच: गाडी उताराला लागली असणार, ड्रायव्हरने पाय काढलाय. तो पेट्रोल तोडतो. इंजिन बंद पडायला आलं की परत सोडतो. काट्याचा तो झोपाळा यातून होतो. कॉम्प्युटर बिघडलेला नसतो. त्याचा तर्कही चोख असतो. फक्त त्याला त्या चिरेबद्दल कोणी सांगितलेलं नसतं.

मिस्त्रीने चालू इंजिनावर नळ्यांच्या कडेकडेने क्लीनरचा स्प्रे मारला. एका वळणापाशी इंजिनाचा आवाज बदलला. तिथेच चीर होती, नखाएवढी. नवी नळी १४० रुपयांना आली.

गॅरेजमधून निघताना मला खूप मोकळं वाटलं, आणि तेच नंतर खटकलं. आता सगळा दोष नळीवर टाकायला मी किती उतावीळ झाले होते! आधी पूर्ण दोष बाबांचा, आता पूर्ण दोष रबराचा. आपल्याला दोषी एकच लागतो.

अमेरिकेत १९८० च्या दशकात ऑडी ५००० ही गाडी अशीच गाजली. गाडी आपोआप सुसाट सुटते, अशा तक्रारी होत्या. १९८६ मध्ये '६० मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमाने तो विषय घराघरांत नेला. १९८९ मध्ये तिथल्या सरकारी वाहतूक सुरक्षा खात्याचा अहवाल आला: बहुतेक वेळा ड्रायव्हरचा पाय ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर पडला होता. लोकांनी एवढंच लक्षात ठेवलं. पण त्याच अहवालात हेही होतं की काही गाड्यांत इंजिनाचा किमान वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेत दोष होता, त्यामुळे रेस अचानक वाढू शकत होती आणि त्याने माणूस दचकू शकत होता. म्हणजे आधी गाडी चुकली, मग दचकलेला माणूस. आता ही चूक कोणाच्या खात्यात लिहायची?

घरी येऊन मी ती जुनी नळी बाबांसमोर ठेवली. "तुमचं बरोबर होतं," म्हटलं. सॉरी म्हणायचं होतं, ते जमलं नाही. त्यांनी नळी वाकवून चीर उघडून पाहिली, चष्मा वर करून परत पाहिली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रेस तिने दिली, खरंय. पण गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. मी दचकलो आणि क्लचवरचा पाय माझाच सुटला. दहा वर्षांपूर्वी सुटला नसता."

हे त्यांनी दिवाळीत सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं. आम्ही फक्त निकाल दिला होता.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "मग आता?" मला उत्तर सुचलं नाही. किल्ली मी फ्रिजवरच्या वाटीत ठेवून दिली, पूर्वी असायची तिथेच. पंधरा दिवस झाले. बाबा रोज सकाळी खाली जाऊन गाडी पुसतात. वाटीतली किल्ली अजून त्यांनी उचललेली नाही.